धोक्याची सूचना कोणासाठी?

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की घरातील कोणीतरी धावत जाऊन शेगडीची कळ व सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करते, खिडक्या उघडते आणि दिव्याच्या बटनाला हात लावू नका, असे इतरांना ओरडून सांगते. हा वास मुळात त्या वायूचा नसतो. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्युटेन या दोन्ही वायूंना स्वतःचा गंध जवळजवळ नसतो. त्यांत इथाइल मरकॅप्टन नावाचे अत्यंत उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळले जाते. गळती झाली तर ती माणसाच्या नाकाला कळावी, एवढाच त्याचा उद्देश.

या साध्या योजनेमागे एका भीषण दुर्घटनेची आठवण आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेखालील बंदिस्त पोकळीत नैसर्गिक वायू साचला आणि एका यंत्राची ठिणगी पडताच सारी इमारत उडाली. सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. वायूला वास नसल्यामुळे गळती कोणाच्या ध्यानात आली नाही, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्याआधीच्या दिवसांत मुले डोके दुखत असल्याची तक्रार करीत होती, हेही तितकेच खरे आहे. सूचना मिळत होती. तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. त्यानंतर वायूत गंधद्रव्य मिसळणे तेथे कायद्याने बंधनकारक झाले आणि हा प्रघात जगभर पसरला.

गंध मिसळून नाकाला मदत करता येते. परंतु ज्या वायूंत माणूस काहीच मिसळू शकत नाही, त्यांच्यापुढे नाक हतबल ठरते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट याहून विलक्षण आहे. हा गटारात व मैलाटाकीत तयार होणारा वायू. त्याला कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी असते आणि अगदी अल्प प्रमाणातही ती जाणवते. परंतु हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास येईनासा होतो आणि आत उतरलेल्या माणसाला वाटते, हवा मोकळी झाली. त्याच क्षणी मृत्यू जवळ आलेला असतो.

म्हणूनच माणसाने फार पूर्वीपासून आपल्या नाकाऐवजी दुसऱ्या कशाचा तरी आधार शोधला. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा नेण्याची पद्धत जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या शिफारशीतून रूढ झाली. या चिमुकल्या पक्ष्याचा श्वसनाचा वेग मोठा. विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होतो. पक्षी कोलमडला की कामगारांनी मागे फिरायचे. ब्रिटनमध्ये हे पक्षी खाणींतून निवृत्त करून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय व्हायला १९८६ साल उजाडले.

कॅनरीच्याही आधी खाणीत आला होता तो हम्फ्री डेव्ही यांचा सुरक्षा-कंदील. १८१२ साली इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत ज्वालाग्राही वायूच्या स्फोटात ९२ जण ठार झाले आणि उपाय शोधण्याचे काम डेव्ही यांच्याकडे आले. १८१५ साली त्यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवलेला कंदील सिद्ध केला. जाळीमुळे ज्योतीची उष्णता विखुरते आणि बाहेरचा वायू पेट घेत नाही. शिवाय मिथेन वाढला की ज्योतीवर निळसर टोपी चढते. म्हणजे हा कंदील उजेडही देत असे आणि वायूचे मापही सांगत असे. डेव्ही यांनी त्याचे एकस्व घेतले नाही, ही त्यांच्या थोरवीची गोष्ट. परंतु पुढे जे घडले ते थोरवीचे नव्हते. वायूच्या भीतीने सोडून दिलेले थर मालकांनी या कंदिलाच्या भरवशावर पुन्हा खोदायला घेतले. हाती सुरक्षित कंदील आला म्हणून माणूस अधिक धोक्याच्या जागी पाठवला गेला, आणि खाणींतील स्फोटांचे बळी अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. धोका ओळखणारे साधन आले की धोका आपोआप कमी होतो, ही समजूत किती जुनी आणि किती फसवी आहे, हे या एका उदाहरणावरून कळते.

आजचे वायुसंवेदक, म्हणजेच सेन्सर, या कंदिलाचेच वारसदार होत. १९६२ साली जपानमधील नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडवर आधारलेल्या संवेदकाचे एकस्व मागितले. घरोघरी आलेल्या गॅसमुळे होणारे स्फोट टळावेत, हा त्यामागील हेतू होता. त्याची रचना मोठी चतुर आहे. कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर तापवला की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि थरातून वीज वाहण्यास अडथळा करतो. ज्वालाग्राही वायू जवळ आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडथळा कमी होतो आणि विजेचा प्रवाह वाढतो. हवेत झालेला बदल असा विजेच्या भाषेत उतरतो. शेजारी बसवलेली नखाएवढी संगणकीय चिप तो प्रवाह मोजते, ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहते आणि घंटा वाजवते, झडप बंद करते किंवा दूरच्या कार्यालयात संदेश पाठवते. विषारी वायू व ऑक्सिजन मोजण्यासाठी विद्युत-रासायनिक घट वापरतात, तर मिथेन अवरक्त किरण शोषून घेतो या गुणाचा उपयोग करणारी यंत्रेही आहेत.

ही विद्या आता महाग राहिलेली नाही. कथिलाच्या ऑक्साइडचा साधा संवेदक काही शे रुपयांत मिळतो. देशातील कोणत्याही विज्ञान-प्रदर्शनात गेले तर गॅसगळती ओळखून घंटा वाजवणारी एक तरी प्रतिकृती मांडलेली दिसते. परीक्षक काडेपेटीएवढ्या त्या यंत्राजवळ लायटर नेतात, घंटा वाजते आणि टाळ्या पडतात. विद्यार्थ्यांच्या कौतुकात काही गैर नाही. मात्र त्या घंटेनंतर काय व्हायचे, हा प्रश्न प्रदर्शनात कोणी विचारत नाही, आणि सारा प्रश्न तर तेथूनच सुरू होतो. हवेत विष आहे हे यंत्र सांगू शकते. ते ऐकून काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, ऐकले नाही तर जाब कोणाला विचारायचा, आणि ज्याच्या श्वासाशी गाठ आहे त्या माणसाला ती घंटा ऐकू तरी येते काय, हे ठरवणे यंत्राच्या हाती नाही.

याची सर्वांत दारुण साक्ष भोपाळने दिली आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. हे द्रव्य शीत ठेवावे लागते. पण ते थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच्या जून महिन्यापासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा ज्योत-मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणा तयारीत नव्हती. रात्री अकराच्या सुमारास टाकीवरील दाबमापकाचा काटा वर चढलेला दिसला. परंतु ही मापके आधीपासूनच बेभरवशाची मानली जात असल्यामुळे त्या काट्याकडे कोणी गंभीरपणे पाहिले नाही.

त्या कारखान्यात वायूची गळती ओळखण्याची नित्याची रीत काय होती? कामगारांच्या डोळ्यांना झोंबणे. त्या रात्रीही साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे झोंबू लागले, गळतीची जागाही आढळली, आणि चहाच्या सुट्टीनंतर त्याकडे पाहू असे ठरले. येथे एक गणित ध्यानात घेतले पाहिजे. मिथाइल आयसोसायनेटची कामाच्या जागी मान्य असलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.०२ भाग एवढी सूक्ष्म आहे. डोळ्यांतून पाणी येते ते प्रमाण २ भागांच्या घरात गेल्यावर. म्हणजे मर्यादेच्या शंभर पट. ज्या कारखान्यात माणसाचा डोळा हेच मापक असते, तेथे सूचना मिळते तीच मुळी उशिरा. कॅनरी पक्ष्याची जागा तेथे कामगाराने घेतली होती, एवढाच फरक.

मध्यरात्रीनंतर टाकीतला वायू बाहेर पडला आणि वाऱ्याबरोबर झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. लोकांना सावध करणारा भोंगा वाजला खरा, पण थोड्याच वेळात तो बंद करण्यात आला. कारखान्याच्या आतील सूचनाघंटा मात्र वाजत राहिली. बाहेरचा भोंगा पुन्हा वाजू लागला तेव्हा फार उशीर झालेला होता. नागरिकांत घबराट पसरू नये, अशी त्यामागची कार्यपद्धती होती. घबराट तर पसरलीच. माणसे अंधारात वाट फुटेल तिकडे पळाली आणि अनेकजण वायूच्याच दिशेने पळाले. ओला कपडा नाकातोंडावर धरावा आणि वाऱ्याची दिशा पाहून बाजूला व्हावे, एवढी साधी माहिती कोणी त्यांना कधी दिलेली नव्हती. मध्य प्रदेश शासनाने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना हा आकडा कित्येक पटींनी अधिक मानतात.

भोपाळविषयी बोलताना आणखी एक नाव घेतले पाहिजे. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून आपल्या लहानशा साप्ताहिकात या कारखान्यातील धोक्याविषयी पुन्हा पुन्हा लिहिले होते. कारखान्यात वायुगळतीने एका कामगाराचा मृत्यू झाल्यावर त्यांनी हा शोध सुरू केला. त्यांच्याकडे कोणतेही यंत्र नव्हते. कागदपत्रे आणि कामगारांची बोलणी एवढीच त्यांची सामग्री. ज्या शहराच्या बाबतीत दोन वर्षे आधी छापील सूचना मिळाली होती, त्या शहराला सूचना मिळाली नाही असे म्हणता येणार नाही.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कारखान्यातील धोक्यांची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देणे बंधनकारक झाले. नजीकच्या धोक्याची पूर्वसूचना मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. इतके होऊनही ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळील वेंकटापुरम येथे जे घडले, ते वाचताना भोपाळचीच छाया दिसते. टाळेबंदीमुळे बंद असलेल्या पॉलिमरच्या कारखान्यात साठवलेले स्टायरीन तापत गेले आणि त्याची वाफ वस्तीवर पसरली. १२ जणांचा बळी गेला. चौकशीसाठी नेमलेल्या उच्चाधिकार समितीच्या अहवालातील दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. टाकीतील तापमान मोजण्याची सोय फक्त तळाशी होती. वरचे थर तापत असताना तळचे मापक ठीक असल्याचे सांगत राहिले. आणि आवारात ३६ ठिकाणांहून भोंगा वाजवण्याची सोय असताना तो एकाही ठिकाणाहून वाजवला गेला नाही. गावकऱ्यांना जाग आली ती गुदमरल्यामुळे.

मापक होते, पण चुकीच्या जागी. भोंगा होता, पण मुका. अशा वेळी यंत्रसामग्री नव्हती असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. संवेदक कोठे बसवायचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे छताकडे जातो. शहरांतून अनेक घरे आता सिलिंडर सोडून नळाच्या गॅसकडे वळत आहेत. जमिनीलगत बसवलेले जुने सूचकयंत्र तसेच राहिले, तर त्याचा दिवा नियमाने लुकलुकत राहील आणि घरातील माणसे निर्धास्त राहतील. न चालणाऱ्या यंत्रापेक्षा असे चुकीच्या जागचे यंत्र अधिक घातक, कारण न चालणाऱ्या यंत्राचा निदान कोणी भरवसा तरी धरत नाही.

कारखानदारांच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी फोल नाही. संवेदक चुकतात. विद्युत-रासायनिक घट दोन-तीन वर्षांत क्षीण होतात. सिलिकॉनच्या वाफांनी काही संवेदक निकामी होतात आणि तसे झाल्याचे बाहेरून कळतही नाही. हवेतील धूळ प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारी स्वस्त यंत्रे दमट हवेत पाण्याचे सूक्ष्म थेंबही धूळ म्हणून मोजतात. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात त्यांच्या आकड्यांवर विसंबणे कठीण होते. घंटा विनाकारण वारंवार वाजू लागली की माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतो, तो हा की खोट्या घंटेवरचा उपाय कोणता? यंत्राची नियमित तपासणी करणे हा एक उपाय. घंटेची तार काढून टाकणे हा दुसरा, आणि तो अधिक स्वस्त पडतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अप्पर बिग ब्रँच या कोळसाखाणीत एप्रिल २०१० मध्ये स्फोट होऊन २९ कामगार मरण पावले. त्याच्या थोडेच आधी त्या खाणीतील एका कोळसा कापणाऱ्या यंत्रावरचे मिथेनमापक तारा बदलून निष्प्रभ केले गेले होते, हे पुढे न्यायालयात खाणीच्या अधिकाऱ्याने कबूल केले. स्फोट त्या यंत्रामुळे झाला नव्हता. परंतु मिथेन वाढताच मापक काम बंद पाडीत होते आणि काम थांबणे परवडत नव्हते, एवढी मनोवृत्ती त्यावरून स्पष्ट होते.

खाणींच्या क्षेत्रातच, मात्र, याच्या उलट उदाहरणही सापडते. धनबाद परिसरातील कोळसापट्ट्याने फार मोठी किंमत मोजली आहे. १९६५ साली धोरी येथील खाणीतील एकाच स्फोटात २६८ कामगार गेले. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की स्फोटक ठरतो. भारतातील कोळसा खाणींच्या १९५७ च्या नियमावलीने मर्यादा घातली ती त्याच्या कितीतरी खाली, सव्वा टक्क्यावर. मिथेन तेवढा झाला की माणसे मागे घ्यायची. या नियमाचे मोल त्याच्या आकड्यात आहे, त्याहून अधिक त्या आकड्याला बांधलेल्या कृतीत आहे. मापक सव्वा टक्का दाखवीत असताना काम चालू ठेवणारा अधिकारी आपल्याला कल्पना नव्हती असे म्हणू शकत नाही. नियम नेहमी पाळले गेले असे नाही. परंतु नियम मोडला गेला, हे तरी सिद्ध करता येते.

शहरांच्या हवेबाबतही हाच भेद दिसतो. २०१५ साली राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला आणि ‘चांगली’पासून ‘गंभीर’पर्यंत सहा पायऱ्यांत हवेचे वर्णन होऊ लागले. चौकाचौकांतील फलकांवर आकडे झळकले. बहुतेक शहरांत त्या आकड्यांचे काम तेथेच संपते. फलक पाहणारा मनुष्य फार तर नाकावर रुमाल धरतो. दिल्ली परिसरात मात्र २०१७ पासून निर्देशांक ठरावीक पातळीला गेला की कोणती कामे थांबवायची, कोणती वाहने रोखायची, याचा श्रेणीबद्ध आराखडा लागू आहे. तो पुरेसा आहे की नाही, यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. त्यातूनच एक वेगळी गोष्ट उघडी पडली. हवा बिघडली म्हणून बांधकामे थांबली की त्या दिवसांची मजुरी बुडते ती बांधकाम मजुराची. ज्याच्या मोटारीने हवा बिघडवली, त्याचा पगार चालूच असतो. बांधकामबंदीच्या काळात मजुरांना निर्वाहभत्ता द्यावा, असा आदेश २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. घंटा वाजल्यावर तिची किंमत कोणी चुकवायची, हे आधी ठरवले नाही तर ती नेहमी सर्वांत दुबळ्याच्याच पदरात पडते.

आणि सर्वांत दुबळा माणूस भुयारी गटारात उतरतो. त्याचे काम असे: मुकादम झाकण उघडायला सांगतो, तो कमरेला दोर बांधतो, पुष्कळदा तोही बांधत नाही, आणि खाली उतरतो. खाली हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो, ऑक्सिजन कमी असतो. साचलेला मैला ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम उसळतो. म्हणून उतरताना ठीक असलेली हवा पाच मिनिटांनी ठीक राहतेच असे नाही. तो कोसळतो. वरचा सोबती त्याला काढायला उतरतो आणि तोही कोसळतो. मग तिसरा. वृत्तपत्रांतील या बातम्यांत मृतांची संख्या एक क्वचित असते. दोन, तीन, चार अशी असते, आणि त्यांत पुष्कळदा भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक असतात. माणुसकीच येथे माणसाचा जीव घेते. सोबत्याला वाचवायला उतरणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणू नये. त्याला खालच्या हवेविषयी काही सांगणारे साधन कोणी दिलेले नसते, एवढेच.

कायदा या बाबतीत मौन नाही. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ साली झाला. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात अथवा मैलाटाकीत उतरवणे हा त्यान्वये गुन्हा आहे. त्याच्या नियमांत द्यावयाच्या साधनांची लांबलचक यादी आहे आणि तीत वायुमापकाचाही समावेश आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला; २०२३ साली गटारातील मृत्यूंसाठी ही रक्कम ३० लाख करण्यात आली. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. हा कामगार बहुधा कंत्राटदाराचा असतो, कंत्राटदार पोटकंत्राटदाराकडे बोट दाखवतो आणि खाजगी सोसायटीची मैलाटाकी असेल तर नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या माणसाचे नावसुद्धा कोणाच्या वहीत नसते. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींच्याच माथी मारली गेली आहेत, हे सत्य टाळून या विषयावर केलेले कोणतेही तांत्रिक विवेचन अपुरे राहील. ज्याच्या जिवाची समाजाला मुळातच फारशी फिकीर नाही, त्याच्यासाठी यंत्र विकत घ्यावे असे कोणाला सुचत नाही.

माणसाला गटारात उतरवूच नये, सारे काम यंत्रांनी करावे, ही मागणी योग्यच आहे. केरळमधील तरुण अभियंत्यांनी गटारे साफ करणारा यंत्रमानवही तयार केला आणि तो अनेक शहरांत वापरातही आला. परंतु अरुंद गल्ल्यांतील जुनी गटारे आणि घरोघरच्या मैलाटाक्या यांच्यापर्यंत ती यंत्रे पोहोचेपर्यंत जी माणसे उद्या सकाळी झाकण उघडणार आहेत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी करावयाची गोष्ट अवघड नाही. माणूस उतरण्याआधी दोरीला बांधून मापक खाली सोडायचे. वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही पातळ्यांवर ते थोडा वेळ थांबवायचे, कारण निरनिराळे वायू निरनिराळ्या उंचीवर साचतात. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांहून कमी भरला किंवा विषारी वायूची घंटा वाजली तर कोणीही उतरायचे नाही. हवा खेळती करायची, पुन्हा मोजायचे. आणि ज्याला उतरायचे आहे, त्याच्या अंगावर मापक शेवटपर्यंत राहायचे.

मापकाचा पडदा कोणाकडे तोंड करून असावा, हे त्याहून महत्त्वाचे आहे. आज अशी यंत्रे जेथे दिली जातात, तेथे ती बहुधा अधिकाऱ्याच्या गाडीत किंवा भांडारात कुलपात राहतात, कारण ती महाग आहेत आणि कामगार ती मोडतील अशी भीती असते. ज्याच्या फुप्फुसांत ती हवा जाणार आहे, त्याला आकडे वाचता येणार नाहीत, असेही एक कारण दिले जाते. भ्रमणध्वनीवर पैसे पाठवणाऱ्या व मागवणाऱ्या माणसाला तांबडा आणि हिरवा दिवा ओळखता येणार नाही, हे पटण्यासारखे नाही. त्याला दिवा ओळखता येतो. तांबडा दिवा पाहून आपण उतरणार नाही असे मुकादमाला सांगितले तर दुसऱ्या दिवशी कामावर बोलावणे येणार नाही, हेही त्याला ठाऊक असते.

म्हणून एखाद्या नगरपालिकेने उद्या शंभर वायुमापके विकत घेतली तर तिचे अभिनंदन करण्याआधी तिच्या कंत्राटाचा मसुदा मागून पाहावा. मापकाची तपासणी किती महिन्यांनी आणि कोणाच्या सहीने व्हायची, ते त्यात असले पाहिजे. घंटा वाजल्यावर काम थांबवण्याचा अधिकार उतरणाऱ्याचा आहे, मुकादमाचा नव्हे, हेही असले पाहिजे. आणि तांबडा दिवा लागला म्हणून न उतरता परत फिरलेल्या कामगाराला त्या दिवसाची पूर्ण मजुरी कोण देणार, याचे एक कलम त्यात आहे की नाही, तेही पाहावे.